पट किती, हजर किती: शाळेची आपत्तीची तयारी खरीखुरी कशी करायची

जून लागला की केंद्रातनं, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या कार्यालयातनं, मेसेज येतो, शालेय आपत्ती व्यवस्थापन आराखडा दोन दिवसांत सादर करा, मग आपण सगळे गेल्या वर्षीची फाईल काढतो, तारीख बदलतो, बदलून आलेल्या गुरुजींचं नाव घालतो, शिक्का मारतो आणि पाठवतो. मी पण बरीच वर्षं असंच पाठवलंय. आमची शाळा कृष्णाकाठची, जिल्हा परिषदेची, सांगली जिल्ह्यातली. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तिथं इशारा पातळी 40 आणि धोक्याची 45 आहे म्हणजे अंदाज करा, आणि आमच्या ऑफिसात ज्या कपाटात ती फाईल होती ते अख्खं कपाट पाण्यात आडवं झालं होतं. तेव्हापासनं मी तयारी वेगळ्या पद्धतीनं करते आणि ती इथं सविस्तर लिहिते, कारण गेल्या काही वर्षांत बरेच नवीन शिक्षक लागलेत आणि त्यातल्या अनेकांनी महापूर बघितलेला नाही.

सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट धरा. दिवसभरात कधीही कुणी विचारलं की पट किती (म्हणजे शाळेत नावं किती), हजर किती आणि आत्ता या क्षणाला प्रत्येक पोरगं कुणाच्या नजरेखाली किंवा कुणाच्या हातात आहे, तर तुम्हाला न अडखळता सांगता आलं पाहिजे. पूर असो, आग असो, भूकंप असो, उत्तर हेच लागतं. बाकीचं साहित्य, नकाशे, समित्या हे सगळं त्याच्यासाठी.

सुरुवात शाळेला एक फेरी मारून करा, आणि एकट्यानं नको. शाळा व्यवस्थापन समितीतले एक-दोन पालक, पोषण आहाराच्या मावशी आणि गावातलं एखादं वयस्कर माणूस बरोबर घ्या. आम्ही आमच्या इथल्या एका आजोबांना घेतलं तर ते गेटपाशी गेलेच नाहीत, थेट शाळेच्या मागं गेले आणि म्हणाले, "बाई, पाणी नदीकडनं येत न्हाई, हिकडनं येतंय, वड्यातनं." खरंय ते. नदी फुगली की ओढ्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि उलटं मागं चढायला लागतं, त्यामुळं नदी अजून लांब दिसत असते आणि शाळेचा मागचा रस्ता गेलेला असतो. आमच्या जुन्या आराखड्यात बाहेर पडायचा रस्ता नेमका तोच दाखवला होता. तेव्हा 2005, 2019 आणि 2021 चं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विचारा आणि भिंतीवर ऑइलपेंटनं रेघ मारून साल लिहा. पोरं रोज येता-जाता बघतात, आपोआप विचारतात, एवढं पाणी आलं होतं काय बाई? तिथनंच शिकवायला सुरुवात होते.

धोके प्रत्येक शाळेचे वेगळे असतात, दुसऱ्याचा आराखडा कॉपी करून चालत नाही ते यासाठीच. कृष्णा-वारणा काठाला पूर. शिराळ्याच्या डोंगराकडच्या वाड्यांना आणि साताऱ्यात पाटण-जावळीकडं दरड, 2021 च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळेला दरड कोसळून माणसं गेली ते आपण सगळ्यांनी बघितलंय. जत-आटपाडीला ऊन आणि वळवाच्या विजा. महामार्गाकडेच्या शाळांना गाड्या. आणि कारखाने सुरू झाले की ऊसाच्या डबल ट्रॉल्या, शाळा सुटल्यावर पोरं मागनं पळत जाऊन ऊस ओढतात, हे आपल्या भागातल्या कुठल्याच छापील नमुन्यात नसतं पण माझ्या मते ते पहिल्या पाचात पाहिजे. सीझनमध्ये शाळा सुटताना एक शिक्षक रस्त्यावर उभा राहिलाच पाहिजे, रोज.

आता पुराचं. पुराला वेळ मिळतो, हे त्याचं एक बरं आहे, पण तो वेळ वापरता आला पाहिजे. पाटबंधारे खात्याकडनं रोज पाण्याच्या पातळ्या येतात, तो मेसेज नुसता पुढं ढकलू नका, वाचायला शिका. वरनं खाली असा क्रम लागतो: कराडचा कृष्णा पूल, मग बहे, ताकारी, भिलवडी, मग आयर्विन, मग अंकली आणि म्हैसाळ. तुमची शाळा ज्या पुलाजवळ आहे त्याच्या वरच्या दोन पुलांचे आकडे बघायचे. वर वाढतंय आणि कोयना धरणाच्या सहा दरवाज्यांतनं विसर्ग पण वाढवलाय, तर आपल्याकडं पाणी येणारच, फक्त काही तासांनी. कोयनेत 105 टीएमसीच्या (अब्ज घनफूट) वर पाणी मावतं, ते भरत आलेलं असताना घाटमाथ्यावर पाऊस लागून राहिला तर धरणवाल्यांच्या हातात पण फार काही राहत नाही. सांगलीच्या खाली हरिपुरात वारणा मिळते, म्हणून तिकडच्या शाळांनी वारणेवरच्या चांदोली धरणाचा विसर्ग पण बघायचा.

आम्ही तीन आकडे ठरवलेत. आमच्या जवळच्या पुलाची पातळी एका आकड्याला पोचली की शाळेची कागदपत्रं आणि पोषण आहाराचा तांदूळ वर हलवायचे. दुसऱ्या आकड्याला ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या पोरांना त्या दिवशी लवकर घरी पोचवायचं, कारण ओढ्याचा फरशी पूल पाण्याखाली गेला की ती अडकतात. तिसऱ्या आकड्याला शाळा बंद करायची विनंती वर पाठवायची. आकडे तुमचे तुम्ही ठरवा, गावातल्या जुन्या माणसांना विचारून, पण पाऊस नसताना एप्रिल-मे मध्ये ठरवा. पाणी चढत असताना बसून ठरवायला गेलं की प्रत्येक जण म्हणतो, अजून तास-दोन तास बघू. सुट्टीचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडनं येतो, तो कधी रात्री उशिरा येतो, कधी पहाटे, आणि सगळ्या पालकांकडं स्मार्टफोन नाही, म्हणून प्रत्येक वस्तीवर एक असं घर ठरवून ठेवा की ज्यांना एक फोन केला की ते आजूबाजूच्या दहा घरांना सांगतील. आमच्याकडं एका वस्तीवर डेअरीवाले अण्णा आहेत, सकाळी सगळे दूध घालायला तिथंच येतात, त्यांच्यापेक्षा चांगली यंत्रणा आम्हाला मिळाली नाही.

आणि एक, पोरांना होडीतनं न्यायची वेळ येऊ देऊ नका. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 ला बोट उलटून माणसं बुडाली, त्यात बाया होत्या, लेकरं होती. बोट बोलवायची वेळ आली म्हणजे आपण आधीच उशीर केलेला असतो. तरीही वेळ आलीच तर लाईफ जॅकेट अंगात बांधल्याशिवाय एकही पोर आणि एकही शिक्षक चढणार नाही, बोटीत किती माणसं घ्यायची ते बोटवाला सांगेल तेवढीच, काठावर कितीही आरडाओरडा झाला तरी.

आता ड्रिल. ड्रिल म्हणजे घंटा वाजली, पोरं रांगेत बाहेर आली, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, असं होतं आणि ते होऊ देऊ नका. आमचं पहिलं ड्रिल मला अजून आठवतं. घंटा दिली, पोरं छान मैदानात आली, दीड-दोन मिनिटांत, आम्ही सगळे खूष. मग मी सहज विचारलं, दुसरीची किती? वर्गशिक्षिका म्हणाल्या, सगळी आलीत. मी म्हटलं आकडा सांगा. त्यांनी मोजली, एकवीस. आज हजर किती होती? आता हजेरीचा आकडा असतो वर्गातल्या फळ्यावर, उजव्या कोपऱ्यात, पट अमुक, हजर तमुक. तो फळा आत आणि आम्ही बाहेर. एक जण आत पळत जाऊन बघून आला, बावीस. आगीत असा माणूस आत पाठवता येतो का सांगा. बाविसावी पोरगी सापडली स्वच्छतागृहाच्या दारात, हातात पाण्याची बाटली घट्ट धरून उभी, घंटा का वाजतीय ते तिला कळलं नव्हतं आणि सगळे कुठं गेले तेही कळलं नव्हतं. रडत नव्हती. मला बघितल्यावर रडायला लागली.

त्या दिवसानंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या आणि तुम्ही बाकी काही नाही केलं तरी या दोन करा. पहिली, सकाळी हजेरी झाली की आकडा फळ्यावर लिहायचाच, पण तोच आकडा एका चिठ्ठीवर लिहून शिक्षकानं खिशात किंवा पर्समध्ये ठेवायचा, पर्स वर्गात राहणार असेल तर सरळ ओळखपत्राच्या पाकिटात मागं सरकवायचा. आणि दुपारच्या सुट्टीत कुणाला घरी नेलं, कुणी उशिरा आलं, तर आकडा लगेच बदलायचा. दुसरी गोष्ट, शेवटचा माणूस. एक जण असा पाहिजे की जो सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडेल आणि येताना स्वच्छतागृह, स्वयंपाकखोली, जिन्याखालची जागा, पाण्याच्या टाकीमागचा कोपरा बघत येईल, आणि ही सगळी जागा बघितली असं तोंडानं मोठ्यानं सांगेल. आणि तो माणूस रजेवर असेल तर दुसरा कोण हे पण ठरलेलं पाहिजे. दोन शिक्षकी शाळेत हे अवघड आहे, मान्य आहे, तिथं मावशींना आणि अंगणवाडी सेविकेला धरा, अंगणवाडी आवारात असेल तर त्यांची लेकरं पण तुमच्याच मोजणीत घ्या.

घंटेचे दोनच प्रकार ठेवा, जास्त ठेवले की गोंधळ. लांब, सलग वाजत राहिली तर बाहेर मैदानात. तुटक, पटापट वाजली तर आत या, आतच थांबा, खिडक्या-दारं लावा. दुसरा प्रकार विजा, मधमाशा, पिसाळलेलं कुत्रं, गेटवर दारू पिऊन कुणी गोंधळ घालत असेल त्याच्यासाठी. विजेवरच्या सायरनवर अवलंबून राहू नका, आपल्याकडं वाऱ्याचा झोत आला की लाईट जाते. लोखंडी रुळाचा तुकडा आणि हातोडी हे अजून पण सगळ्यात भरवशाचं आहे. आणि ड्रिल वेगवेगळ्या वेळी घ्या, प्रार्थनेच्या वेळी घेतलेलं ड्रिल सोपं असतं, पोरं आधीच रांगेत असतात. खरं कळतं ते जेवणाच्या सुट्टीत घेतल्यावर, निम्मी पोरं हात धुवायला, चार झाडाखाली, दोन दुकानात. वर्षातनं निदान एकदा मुख्याध्यापक हजर नसताना पण घ्या.

भूकंप आपल्याला लांबचा विषय वाटतो पण तो नाही. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेला साडेसहा रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, अजून पण पाटणकडच्या घरात तो विषय निघतो. पहाट होती म्हणून शाळा भरलेल्या नव्हत्या. 2001 ला गुजरातेत झाला तो 26 जानेवारीला सकाळी पावणेनऊला, आणि अंजारमध्ये गल्लीतनं प्रभातफेरी चाललेली, लेकरं त्या गल्लीत गाडली गेली. म्हणून शिकवताना नुसतं वर्गातलं शिकवू नका, फेरीत असताना, बाजारात असताना काय करायचं तेही सांगा: भिंती, पत्रे, विजेचे खांब सोडून मोकळ्यावर जायचं आणि बसायचं.

वर्गात असताना खाली बसा, डोकं झाका, बाकाचा पाय घट्ट धरा, हे चित्र सगळ्या तक्त्यांवर असतं. पण आपल्या किती वर्गांत बाकं आहेत? पहिली-दुसरीची पोरं बसकरपट्टीवरच बसतात. त्यांना शिकवायचं की दप्तर डोक्यावर धरायचं, गुडघ्यावर वाकून मान आणि डोकं झाकायचं, खिडकी आणि कपाटापासून लांब सरकायचं. आणि हादरे चालू असताना दाराकडं पळायचं नाही, कारण आपल्या जुन्या शाळा कौलारू, व्हरांडा पुढं, पहिली कौलं घसरतात ती व्हरांड्याच्या कडेलाच. हादरे थांबले की मग दप्तर डोक्यावर धरूनच बाहेर. शिक्षकांनी एक काम आधी करायचं, वर्गातलं लोखंडी कपाट भिंतीला क्लॅम्प मारून पक्कं करायचं. दोन क्लॅम्प, चार स्क्रू, गावातला वायरमन किंवा सुतार अर्ध्या तासात करतो. कपाटावर ठेवलेला पृथ्वीगोल, ट्रॉफ्या, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे खाली घ्या.

आगीचं बोलायचं तर सुरुवात स्वयंपाकखोलीपासनं करा. तमिळनाडूत कुंभकोणमला 16 जुलै 2004 ला एका शाळेत 94 लेकरं जळून गेली, सुरुवात झाली ती माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातनं आणि वर छप्पर गवताचं. त्याच्यानंतर सुप्रीम कोर्टानं 2009 मध्ये शाळांच्या सुरक्षेबद्दल आदेश दिले, अग्निशामक यंत्रं आली ती त्यामुळं. यंत्र भिंतीला आहे का एवढंच बघू नका, काटा हिरव्या पट्टीत आहे का बघा आणि ते मावशींना चालवता येतं का ते बघा. कारण आग दिसणार सगळ्यात आधी त्यांना. आमच्या मावशींच्या हातात पहिल्यांदा दिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला वाटायचं ह्याला हात लावायचा न्हाई, साहेब रागावतील." किती वर्षं त्या त्याच्या शेजारी उभं राहून भात शिजवत होत्या! पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडी दाबायची, एवढंच आहे, यंत्र रिफिलला जायच्या आधी प्रत्येकाला एकदा प्रत्यक्ष चालवायला द्या. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, लाईटच्या बटणाला हात लावायचा नाही, चालू पण करायचं नाही आणि बंद पण करायचं नाही, पोरं लांब, आणि 1906 ला, म्हणजे गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, फोन. सिलिंडर वर्गाच्या भिंतीला लागून असेल तर जागा बदलून घ्या, याबाबतीत पुढच्या वर्षी बघू म्हणू नका.

साप, विजा, मधमाशा. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, मंत्रानं विष उतरवायला न्यायचं नाही. पोराला झोपवा, धीर द्या, चावलेला हात किंवा पाय पट्टीला किंवा फूटपट्टीला सैलसर बांधून हलू देऊ नका, चालवू नका, आणि सरळ दवाखाना. कुठल्या दवाखान्यात प्रतिसर्पविष लस आत्ता शिल्लक आहे हे जूनमध्ये जाऊन विचारून ठेवा आणि नंबर भिंतीवर लिहा. साप पकडत बसू नका, त्यात अजून एकाला चावतो. मण्यारीचं मुद्दाम सांगते, ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही, म्हणून शाळेत पूरग्रस्त लोक झोपलेले असतात तेव्हा पहाटे कुणाच्या पोटात दुखायला लागलं, पापण्या जड झाल्या, तर साप नाही असं धरून चालू नका.

विजेचं सोपं, गडगडाट ऐकू आला की मैदान बंद, मग पाऊस नसला तरी. झाडाखाली नाही, पत्र्याच्या सायकल शेडमध्ये नाही, पक्क्या खोलीत. शेवटचा आवाज झाल्यावर अर्धा तास थांबा. पुण्याच्या हवामान संस्थेचं दामिनी ॲप आहे, एका शिक्षकाच्या फोनमध्ये असू द्या. मधमाशांचं आपण विसरतो, पण वडाला किंवा पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ असतं आणि कुणी दगड मारतं किंवा फटाका वाजवतं. हात झाडायचे नाहीत, तोंड झाकून खोलीत पळायचं, दारं लावायची. गडावर सहल नेताना पण हे सांगा, तिथं तर पळायला खोली पण नसते. एखाद्या पोराचा श्वास जड झाला, ओठ सुजले तर ॲम्ब्युलन्सला 108 वर फोन, घरी न्यायला पालक येतायत म्हणून थांबू नका.

आता सगळ्यात नाजूक भाग, पोरं सोपवायची कशी. एका पुराच्या वर्षी, पाणी गावात यायच्या आधी, दुपारी अचानक सगळं सुरू झालं. गेटवर माणसंच माणसं. कुणी काका, कुणी चुलत्या, कुणी शेजारचा, मोटारसायकलवर दोघा-तिघांना घेऊन चाललेत. आम्ही ओळखीचे चेहरे बघून पोरं दिली. तासाभरानं एक आई आली, पायात चप्पल नाही, साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, म्हणाली, "बाई, माजं पोरगं कुठाय?" आणि मला सांगता येईना. एवढं आठवत होतं की कुणीतरी घेऊन गेलं. फोन लागत नव्हते, टॉवर बंद. पोरगं त्याच्या आत्याकडं सुखरूप होतं, हे कळायला रात्र झाली. त्या बाईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. ती रात्र मी विसरलेले नाही.

म्हणून सुपूर्द वही. शंभर पानी, प्लास्टिकच्या पिशवीत, दोरीनं बांधलेलं पेन (जेल पेन नको, पाण्यात पसरतं, बॉलपेन), गेटजवळच्या खिळ्याला. रकाने: पोराचं नाव, वर्ग, कुणी नेलं, नातं, मोबाईल, कुठं नेणार, वेळ, सही. यातला "कुठं नेणार" हा रकाना कुठल्याच नमुन्यात मी बघितलेला नाही आणि खरं काम त्याचंच आहे, कारण फोन बंद असले तरी "आत्या, विटा" एवढं लिहिलेलं असलं की आई जाऊन शोधते. जूनच्या पालकसभेत प्रत्येक आई-वडिलांकडनं तीन माणसांची नावं लिहून घ्या की ज्यांच्याकडं पोर द्यायला चालेल, आणि त्यातल्या एकाचं घर तरी उंचावर असू द्या. यादीत नाव नाही तर पोर द्यायचं नाही, ओळखीचा असला तरी, सरपंचांचा माणूस असला तरी. काही घरांत आई-वडिलांचं जमत नसतं, तिथं हे फार जपून करा आणि यादी कुणाला दाखवू नका. यादीच्या दोन प्रती काढा, एक मुख्याध्यापकांकडं घरी. आणि पोरांना सांगा, वहीत बाईंनी किंवा गुरुजींनी नाव लिहिल्याशिवाय गेटच्या बाहेर पडायचं नाही, बाबा आले तरी. चौथीची पोरं हे इतकं काटेकोर पाळतात की मोठ्यांनाच थांबवतात.

ज्या लेकरांना वेगळी मदत लागते त्यांची नावं आधी ठरवा, चालता न येणारं, ऐकू कमी येणारं (घंटा कुणासाठी?), फिट येणारं. प्रत्येकाला एक मोठा माणूस नावानिशी नेमून द्या. सीझनमध्ये ऊसतोडीच्या टोळ्यांतली पोरं येतात, पाचटाच्या खोप्यांत राहतात, आगीचा धोका त्यांना जास्त आणि पालक कुठल्याच ग्रुपवर नसतात, त्यांचा मुकादम कोण आणि त्याचा नंबर काय हे दाखल करतानाच लिहून घ्या.

कागदपत्रांबद्दल थोडं. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक पोराची नोंदवही, भिजलं तर ते फक्त शाळेचं नुकसान नाही, गावाचं आहे. जन्मतारखा, जातीच्या नोंदी त्यातच, लोक पणजोबांची नोंद शोधायला शाळेतच येतात. एका दिवसात अख्खं रजिस्टर मोबाईलवर नीट स्कॅन होतं, ते करा आणि पेनड्राईव्ह गावाबाहेर कुणाकडं तरी ठेवा. मूळ प्रत जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत, ट्रंक कुठल्या घराच्या माडीवर न्यायची ते ठरवून. भिजलंच तर पानं ओढून सोडवू नका, उन्हात टाकू नका, सावलीत पंख्याखाली कोरे कागद मधे घालत वाळवा, आणि घाई करू नका.

केंद्रातल्या शाळांनी जोड्या लावल्या तर निम्मं काम हलकं होतं. एक काठावरची, एक माळावरची. काठावरच्या शाळेची ट्रंक, पोषण आहाराचा तांदूळ आणि यादीची दुसरी प्रत माळावरच्या शाळेत जाते, आणि पाणी ओसरेपर्यंत पोरं तिथं बसू शकतात. हे शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, एका दुपारी ठरतं, वरनं आदेश यायची वाट बघायला लागत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा आहे, राष्ट्रीय प्राधिकरणाच्या शाळा सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना 2016 पासून आहेत, आधार पाहिजे तर तो आहे. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि गावातल्या आपदा मित्रांना (आपत्तीत मदतीचं प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवकांना) वर्षातनं एकदा शाळेत बोलवा, नुसतं भाषणाला नको, ड्रिल बघायला. नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात: कुठल्याही तातडीला 112, ॲम्ब्युलन्स 108, अग्निशमन 101, चाइल्डलाइन 1098, जिल्हा आपत्ती कक्ष 1077, आणि त्याच्या शेजारी तहसीलचा लँडलाइन. पोरांकडनं आईचा नंबर पाठ करून घ्या, बे एकं बे सारखा, रोज दोघा-तिघांना उभं करून.

माळावरच्या शाळा पूरग्रस्तांना द्यायला लागतात आणि द्यायलाच पाहिजेत. पण आधी एक खोली कुलूपबंद ठेवा, प्रयोगाचं साहित्य आणि कागद त्यात. बायकांसाठी स्वच्छतागृह वेगळं आणि रात्री तिथं उजेड पाहिजे. टाकीच्या पाण्यात क्लोरीन टाकायला आरोग्य सेविकेकडनं शिकून घ्या. जनावरं मैदानाच्या एका बाजूला, पाण्याच्या नळापासनं लांब. आणि शिबिरात जी शाळेची पोरं आहेत त्यांना सकाळी दोन तास गोळा करा, गोष्ट सांगा, चित्रं काढू द्या. आयांना तेवढ्या वेळात पंचनाम्याची कागदं करता येतात आणि पोरांचा चेहरा पण बदलतो.

पाणी ओसरल्यावर लगेच शाळेत घुसू नका. आधी मेन स्विच बंद आहे याची खात्री, वायरमन बघून गेल्याशिवाय बटण नाही. गमबूट घाला, हातात काठी, बाकं उचलायच्या आधी काठीनं हलवा, साप आणि विंचू गाळात बसलेले असतात. गाळ ओला आहे तोवरच पाण्याच्या फवाऱ्यानं काढा, वाळला की कुदळ लागते. भिंतीला फुगवटा किंवा नवीन भेग दिसली तर इंजिनियरनं बघेपर्यंत तो वर्ग बंद. भिजलेला तांदूळ वाळवून वापरायचा नाही, पंचनामा करून नष्ट करायचा. साफसफाईला पोरांना बोलवू नका, पायाला जखम असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातनं होणारा ताप) भीती असते.

आणि शाळा उघडायच्या दिवशी अभ्यास काढू नका. प्रार्थनेच्या आधी हजेरी घ्या, नाव घेऊन, सावकाश, प्रत्येकाकडं बघत. घरात पाणी गेलेली लेकरं "हजर" म्हणताना कशी म्हणतात ते ऐका, त्यातनं खूप कळतं. ढग दाटून आले की काही पोरं खिडकीकडं बघत बसतात, त्यांना रागावू नका, आयर्विनचा आजचा आकडा फळ्यावर लिहा आणि दाखवा की खाली आहे. पट आणि हजर यातला फरक जेवढा निघेल तेवढ्या घरांची यादी करा. कुणी मामाकडं गेलं असेल, कुणाची गाय गेली म्हणून पोरगं शेतात असेल, कुणाची पुस्तकं वाहून गेली म्हणून लाजून आलं नसेल. संध्याकाळच्या आत त्यातल्या प्रत्येक दारात आपल्यातलं कुणीतरी जाऊन उभं राहायचं, जाताना पिशवीत एक वही आणि पेन्सिल घेऊन.